मोकळा हॉल, मोजकं बजेट आणि फक्त संगीत: एका सबवूफरच्या निवडीचं प्रकरण

मामांची तक्रार एका वाक्यात मावणारी होती. "डबल बेस लागला की मला वादकाची बोटं ऐकू येतात, वाद्याचं पोट ऐकू येत नाही." स्पीकर बुकशेल्फ जातीचे, सव्वापाच इंची वूफरवाले, आवाजाला गोड. उणीव फक्त खालच्या टोकाला. सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर, पुढे नुसता "सब") घ्यायचं त्यांनी ठरवलंच होतं, कोणता घ्यायचा एवढंच विचारायला फोन केला होता. खर्चाची मर्यादाही पक्की: स्पीकरच्या जोडीला जेवढे पडले त्याहून जास्त नाही. त्या जागेत सिनेमे बघत नाहीत, सगळं संगीतच. मामींनी मागून आपली अट घातली, "बेस येऊ दे, पण ओट्याशी उभी असताना भांडी थरथरायला नकोत."

ही अट मी तेव्हा हसण्यावारी नेली. पुढे निवड ठरवण्यात तिचा वाटा मोठा निघाला.

जागा

बसायची जागा, जेवणाचं टेबल आणि स्वयंपाकघर, तिन्ही एकाच लांबट जागेत आहेत, मध्ये भिंत नाही. लांबी ११.४ मीटर, रुंदी ४.९, उंची २.८. म्हणजे साधारण १५६ घनमीटर हवा, वर एका कडेने उघडा जिना. स्पीकर एका टोकाच्या आखूड भिंतीपाशी. सोफा त्यांच्यासमोर, आणि ऐकणाऱ्याचे कान त्या भिंतीपासून तीन मीटरवर. सोफ्याच्या पाठीमागे आठ मीटरहून जास्त मोकळं. मामांची जागा ठरलेली, सोफ्याचं उजवं टोक. स्पीकरही तीच जागा धरून वळवलेले. उजव्या टोकापासून भिंतीपर्यंत सव्वा मीटरची फट आहे, डावीकडून घरातली ये-जा.

ॲम्प्लिफायर जुना, स्टीरिओ, सबवूफरसाठी वेगळं आउटपुट नसलेला. स्पीकर ५५ हर्ट्झला ३ डेसिबल उतरतात, त्याखाली झपाट्याने संपतात.

कागदावर इतकं लिहून झाल्यावर बहुतेक लोक सबवूफरांची यादी उघडतात. मी आधी मामांचा संग्रह बघितला, कारण किती खाली जायचं हे ठरल्याशिवाय बजेट कुठे खर्च करायचं ते ठरत नाही.

किती खाली?

डबल बेसची आणि चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार ४१.२ हर्ट्झची. पाच तारांच्या गिटारची सगळ्यात खालची तार, बी, ३०.९ ची. पियानोची पहिली पट्टी २७.५ ची, पण तिच्यावर बोट क्वचितच पडतं, आणि पडलं तरी कानाला जाणवतो तो मुख्यतः तिच्या वरच्या स्वरांशांचा मेळ. पाइप ऑर्गनची ३२ फुटी नळी १६ हर्ट्झच्या आसपास बोलते. मामांकडे ऑर्गन नाही. डबल बेसवाला जॅझ भरपूर, तबल्याच्या साथीचं गायन त्याहून जास्त, थोडं रॉक.

तेव्हा सीमा आखली ३० हर्ट्झवर. त्याखालचं सोडून द्यायचं, आणि जाणूनबुजून सोडायचं. याचं कारण भौतिकशास्त्रात आहे: तितक्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर चौपट हवा ढकलावी लागते. ४० हर्ट्झला पुरणाऱ्या सबकडून २० हर्ट्झ मागणं म्हणजे चौपट मोठं काम मागणं. मर्यादित पैशात हे शेवटचं सप्तक विकत घ्यायला गेलं की वरच्या, रोज ऐकायच्या सप्तकातली सफाई जाते. कमी किमतीच्या सबवर "२० हर्ट्झपर्यंत" असं छापलेलं दिसलं की म्हणूनच मला शंका येते. किती डेसिबलच्या फरकात ते २०, हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. १० डेसिबल पडून मोजलेला आकडाही छापता येतो.

बंद पेटीचा सल्ला इथे का लागू पडला नाही

मामांनी कुठेतरी वाचलं होतं आणि ते पाठही झालं होतं: सिनेमासाठी पोर्टेड (हवेसाठी नळी किंवा भोक असलेली पेटी), संगीतासाठी सील्ड (पूर्ण बंद पेटी). त्यांच्या एका स्नेह्याकडे आठ इंची सील्ड सब होता, सुबक, छोटासा. तो आठवडाभरासाठी मागून आणला आणि समोरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला.

पहिल्या गाण्याला मामा खूश. दुसऱ्याला गप्प. बेसवादक खालून वर चढत होता, आणि त्यातला एकच स्वर दरवेळी फुगून येत होता. पाश्चात्त्य स्वरनावांत सांगायचं तर ई ठीक, एफ जाड, एफ शार्प तर ढोलासारखा, जी पुन्हा जागेवर. त्याच्या खाली मात्र काहीच नाही. पाच तारांच्या गिटारची बी लागायची तेव्हा सबचा कोन (हवा ढकलणारा पडदा) हलताना दिसायचा, ऐकू काही यायचं नाही. आवाज थोडा चढवला की कोन टोकाला जाऊन टकटक करायचा.

यात दोन वेगळे दोष एकात एक मिसळले होते. फुगणाऱ्या स्वराचा दोष जागेचा होता, त्याकडे पुढे येतो. खालचं टोक गायब होणं हा सील्ड पेटीचा आणि मोकळ्या जागेचा एकत्रित दोष.

सील्ड पेटीची कीर्ती जुनी आणि रास्त आहे. एडगर व्हिल्चर यांच्या ॲकूस्टिक रिसर्च कंपनीने १९५४ मध्ये एआर-१ हा स्पीकर आणला. आत कोंडलेल्या हवेलाच कोनाची स्प्रिंग बनवून त्यांनी लहान पेटीतून खोल बेस काढून दाखवला. सील्ड पेटीचा आवाज खाली जाताना दर सप्तकाला १२ डेसिबल या संथ उताराने पडतो. पोर्टेडचा पडतो २४ ने. बंद खोलीत हा संथ उतार वरदान ठरतो, कारण खोलीच्या लांबीत अर्धी लहरही मावेनाशी झाली की लहरी फिरायच्या थांबतात आणि सगळ्या खोलीचा हवेचा दाबच एकसाथ वर-खाली होऊ लागतो. खोली घट्ट बंद असेल तर त्याखाली तिची मदत दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत वाढत जाऊ शकते. सबचा उतार आणि खोलीचा चढ एकमेकांना फेडतात. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद केलं की दाब जाणवतो, तसंच हे.

आता बोट काढा. चार मीटर लांबीच्या बंद खोलीत ही मदत सुमारे ४३ हर्ट्झच्या खाली सुरू होते: आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले लांबीची दुप्पट. मामांच्या ११.४ मीटरला तोच हिशेब १५ हर्ट्झ देतो. संगीतात तिथे काही नसतं. वर जिना उघडा, म्हणजे तीही मदत गळून जाणार. "संगीतासाठी सील्ड" या सल्ल्यात एक बंद खोली गृहीत धरलेली असते, आणि सल्ला फिरत फिरत पुढे जातो तेव्हा ती खोली मागेच राहते.

पोर्टेड सब "संथ" असतात, त्यात बेस "रेंगाळतो", असंही मामांनी विचारलं. पोर्ट ज्या वारंवारितेला सुरावलेला असतो तिच्या जवळपास पोर्टेड पेटी जरा जास्त वेळ घेते हे खरं. पण एफ शार्पला जे रेंगाळणं आम्ही ऐकलं ते सील्ड पेटीतूनच आलं होतं. खोलीचं घुमणं पेटीच्या घुमण्याहून कितीतरी जास्त वेळ टिकतं, आणि लोक बहुतेक वेळा त्यालाच "संथ बेस" म्हणून दोष देतात.

हवेचा हिशेब

मामा ऐकतात ते मध्यम आवाजात. बेसच्या शिखराला कानापाशी ९८ डेसिबल मिळाले तर त्यांना चिकार झाले, असं मी धरलं. प्रश्न एवढाच की हे ९८ कुठून काढायचे.

समोरच्या कोपऱ्यातला सब कानापासून ३.३ मीटरवर पडतो. सोफ्याच्या उजव्या फटीत ठेवला तर १.१ मीटरवर. तिप्पट अंतर, म्हणजे मोकळ्या हवेच्या हिशेबाने साडेनऊ डेसिबलचा फरक. बंद खोलीत हा हिशेब इतका सरळ चालत नाही, भिंतींवरून परतणारा आवाज अंतराचा फरक बराचसा पुसून टाकतो. पण इतक्या मोठ्या, पाठ उघड्या जागेत थेट आवाजाचं पारडं जड असतं.

सबवूफरच्या ताकदीची तुलना करायला सीटीए-२०१० ही मोजणीची पद्धत आहे. वेगवेगळ्या वारंवारितांवर छोटे ठोके वाजवून, विकृती ठरलेल्या मर्यादेत असताना सब किती जोरात जातो ते त्यात मोजतात. आकडे वाचताना एक फट सांभाळावी लागते: काही जण १ मीटरवरचं शिखरमूल्य देतात, काही २ मीटरवरचं आरएमएस (एक प्रकारची सरासरी). दोन्हींत ९ डेसिबलचा फरक आहे. तेवढ्यावर दुबळा सब दणकट दिसू शकतो.

कान १.१ मीटरवर असेल तर ९८ साठी २ मीटरवर ९३ आरएमएस पुरे. कान ३.३ मीटरवर असेल तर २ मीटरवर १०२ हवेत. हे कोनाच्या भाषेत काय होतं ते मी मामांना कागदावर करून दाखवलं. उघड्यावर, जमिनीवर ठेवलेल्या सबने ४० हर्ट्झला २ मीटरवर ९३ डेसिबल द्यायचे तर कोनाला दरवेळी सुमारे २१० घन सेंटिमीटर हवा एका बाजूला ढकलावी लागते. आठ इंची कोनाचं क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटिमीटर, तेव्हा त्याला मध्यापासून एका बाजूला १० मिलिमीटर जावं लागेल. जमेल, ओढूनताणून. ३० हर्ट्झला तेच ३७० घन सेंटिमीटर होतात आणि प्रवास १७ मिलिमीटर. कमी किमतीच्या आठ इंची सील्ड सबला ते झेपत नाही. आणि कोपऱ्यातून १०२ द्यायचे असतील तर हे सगळे आकडे तिप्पट. स्नेह्यांच्या सबचा कोन टकटक का करत होता, ते इथे स्पष्ट झालं.

दहा इंची कोनाचं क्षेत्रफळ साधारण ३४० चौरस सेंटिमीटर. शिवाय पेटी पोर्टेड असली तर सुरावणीच्या जवळ बरंचसं काम पोर्टमधली हवा करते, कोनाला थोडंच हलावं लागतं. सुरावणीच्या खाली मात्र कोन मोकाट सुटतो, मागे हवेचा आधार उरत नाही. म्हणून पोर्टेड घेताना आत खालचं टोक कापणारा फिल्टर आहे का, हे बघायचं.

यादी कशी गळत गेली

आठ इंची सील्ड तर आधीच गेला.

बारा इंची पोर्टेड, त्याच किमतीत, मोठ्या पेटीचा: हा मोहात पाडणारा होता. कोन मोठा, डब्यावर वॅटचा आकडा त्याहून मोठा. पण तो आकडा शिखराचा होता. आरएमएस बारीक अक्षरात, त्याच्या जेमतेम अर्धा. तसंही वॅट दुप्पट झाले तरी हाती ३ डेसिबलच लागतात. त्याची कोणी स्वतंत्रपणे केलेली मोजणी सापडली नाही. शिवाय पेटीचा आकार. केएलएच कंपनीच्या नावातले "एच" म्हणजे हॉफमन. त्यांच्या नावाने एक लोखंडी नियम ओळखला जातो. लहान पेटी, खोल बेस आणि चांगली संवेदनशीलता, यांपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एकावेळी मिळतात. बारा इंचीची पेटी त्या मानाने मोठी असायलाच हवी होती आणि ती होतीही. सोफ्याशेजारच्या फटीत ती बसली असती, पण मग तिथून खिडकीशी जाता आलं नसतं.

दोन लहान सब घ्यावेत का? एकाच मोठ्या सबपेक्षा दोन बरे, हे वाक्य उगाच प्रसिद्ध झालेलं नाही. हर्मन कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये सबची संख्या आणि जागा यांवर सविस्तर काम मांडलं. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब अनेक खुर्च्यांवरचा बेस बराच सारखा करतात, असं त्यातून दिसलं. पण तिथे आयताकृती बंद खोल्या होत्या आणि ऐकणारे अनेक. इथे जागा उघडी, ऐकणारा एक, आणि बजेट दोन दुबळ्या सबमध्ये वाटून टाकलं तर ३० हर्ट्झ दोघांच्याही हाताबाहेर.

वापरलेला जुना सब घ्यायचा विचार झटक्यात सोडला. सबमध्येच बसवलेला ॲम्प जुना झाला की भरवसा नाही, कोनाच्या कडेचा फोम झिजलेला असला तर वरून दिसतही नाही.

राहिला तो दहा इंची पोर्टेड. आकाराने मध्यम, ३० हर्ट्झच्या जवळ सुरावलेला, खालच्या टोकाला फिल्टर असलेला, आणि ज्याचे २ मीटरवरचे आकडे स्वतंत्रपणे मोजून कोणीतरी छापले होते. ३१.५ हर्ट्झला ते आमच्या ९३ च्या थोडे वर होते. बस. किंमत मर्यादेत थोडी शिल्लक ठेवून. खरेदी करताना परत करायची मुदत लांब असलेला विक्रेता निवडला. मोकळ्या जागेसाठी सब घेताना वॅटपेक्षा ही मुदत जास्त उपयोगी पडते असं माझं मत आहे.

इथे मामींची अट परत आली. सब कानाजवळ आणल्यामुळे मामांना तेवढाच आवाज मिळणार होता, पण सब स्वतः साडेनऊ डेसिबल कमी जोराने वाजणार होता. म्हणजे ओट्यापर्यंत, जिन्यावर आणि खालच्या मजल्यापर्यंत जाणारा बेस तितकाच कमी. भांड्यांचा प्रश्न सबच्या पायाखाली रबर घालून सुटला नसता. तो जागेमुळे सुटला.

जोडणी

ॲम्पला सबचं आउटपुट नसल्याने स्पीकरच्या टर्मिनलवरूनच सबच्या हाय-लेव्हल इनपुटला तारा नेल्या. सब ॲम्पमधून करंट जवळजवळ ओढत नाही, त्यामुळे ॲम्पवर भार येत नाही. मात्र आधी एक गोष्ट तपासली. आजकालच्या बऱ्याच क्लास डी ॲम्पमध्ये स्पीकरच्या काळ्या टर्मिनललाही सिग्नल असतो. अनेक सबमध्ये आत दोन्ही काळ्या तारा एकत्र बांधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. अशा दोघांची गाठ घातली तर ॲम्प जळू शकतो. मामांचा ॲम्प जुन्या धाटणीचा, काळे टर्मिनल ग्राउंडला असलेला, म्हणून अडचण आली नाही. ज्यांचा नवा असेल त्यांनी माहितीपुस्तिका उघडल्याशिवाय तार लावू नये.

आता सांधा, म्हणजे स्पीकर संपून सब सुरू होतो ती जागा. स्पीकर पूर्ण वारंवारितेने वाजतच राहणार, त्यांचा खालचा भाग कापायची सोय नाही. तेव्हा सब तिथूनच सुरू व्हायला हवा जिथे ते संपतात. सगळीकडे ८० हर्ट्झ सांगतात तो आकडा बेस मॅनेजमेंट (स्पीकरकडचे खालचे स्वर कापून सबकडे वळवण्याची सोय) असलेल्या रिसीव्हरसाठी. इथे ८० ठेवला असता तर ५५ ते ८० मध्ये दोघंही वाजले असते आणि आवाज गाढा झाला असता. शिवाय सब कानाशेजारी. तो वरपर्यंत वाजला की बेस उजवीकडून येतोय हे कळायला लागतं. नॉब ५० च्या खुणेवर ठेवला, मोजून बघितलं, तर प्रत्यक्षात कट ६० च्या जवळ होत होता. स्वस्त सबच्या नॉबवरच्या खुणा अंदाजापुरत्याच मानाव्यात. थोडा मागे फिरवला.

मोजायला यूएसबी मापन मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर वापरलं. फोनचा माइक खालच्या टोकाला विश्वासाचा नसतो. ज्यांना मोजायचं नाही त्यांच्यासाठी फेजची (सब आणि स्पीकर यांच्या लहरी एकत्र वर-खाली होतात की उलट, याची) एक जुनी युक्ती पुरेशी आहे: सांध्याच्या वारंवारितेचा, इथे ५५ हर्ट्झचा, सलग सूर लावायचा आणि सोफ्यावर बसून दुसऱ्याला फेजचं बटण ० आणि १८० मध्ये फिरवायला सांगायचं. ज्यात सूर जास्त भरीव लागतो ते बरोबर. मामी बटणापाशी, मामा सोफ्यावर.

"आता?"

"आता गेला."

"मग आधीचंच ठेवते."

मोजणीनेही तेच सांगितलं. सब स्पीकरपेक्षा दोनएक मीटरने जवळ असल्याने त्याचा आवाज सहाएक मिलिसेकंद आधी पोचायला हवा होता, पण त्याच्या स्वतःच्या फिल्टरने तो उशीर बराचसा भरून काढला होता.

जागेचा दोष

आता तो एफ शार्प. ११.४ मीटर लांबीची तिसरी अनुनाद वारंवारिता (जिला जागा स्वतःच घुमते ती) ४५ हर्ट्झच्या आसपास येते. एफ आहे ४३.७ ची, एफ शार्प ४६.२ ची. स्नेह्यांच्या सबला कोपऱ्यात ठेवून मोजलं होतं तेव्हा तिथे जवळपास ९ डेसिबलचा उंचवटा होता. त्याच लांबीची दुसरी अनुनाद वारंवारिता ३० हर्ट्झ. तिचा शून्यबिंदू (जिथे ती जवळजवळ ऐकूच येत नाही ती जागा) समोरच्या भिंतीपासून लांबीच्या पाव अंतरावर, म्हणजे २.८५ मीटरवर येतो. मामांचे कान तीन मीटरवर. समोरच्या भिंतीपाशी ठेवलेला कोणताही सब, कितीही महागडा, ३० हर्ट्झला त्या सोफ्यापर्यंत नीट पोचला नसता. सोफा पुढे-मागे सरकवणं हा खरा उपाय, पण मागे जेवणाचं टेबल होतं.

सब सोफ्याच्या रेषेत आला तेव्हा तो स्वतःच त्या शून्यबिंदूपाशी उभा राहिला. तिथून तो ३० चा अनुनाद जवळजवळ छेडतच नाही, आणि मामांना मिळतो तो मुख्यतः थेट आवाज. खड्डा बराच भरला. ४६ चा उंचवटा मात्र कमी झाला तरी गेला नाही; पाचेक डेसिबल उरला. मामांच्या प्लेअरमध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझर (हवी ती वारंवारिता निवडून कमी-जास्त करायची सोय) होता. तिथे ४६ हर्ट्झला ५ डेसिबलची एकच अरुंद कपात घातली. खड्डे भरायला म्हणून वाढ कुठेही दिली नाही. ६ डेसिबल वाढवायचे तर चौपट ताकद लागते, आणि शून्यबिंदूत ती टाकली तरी आवाज हातात येत नाही.

पातळी ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं तसं, आपला कान खालच्या टोकाला मंद असतो, पण तिथली समगर्जन रेषांची (सारख्याच जोराचे वाटणारे आवाज जोडणाऱ्या रेषांची) गर्दीही दाट असते. १००० हर्ट्झला ३ डेसिबल वाढले तर जेवढा फरक वाटतो, त्याहून ४० हर्ट्झला तेवढीच वाढ कितीतरी मोठी वाटते. म्हणून सबचा गेन नॉब केसभर फिरवायचा असतो. मामा तो बोटभर फिरवत होते. आधी रोजच्या आवाजाची पातळी ठरवून ॲम्पचा नॉब तिथेच सोडला, मग सब वाढवत वाढवत तो "आहे" हे कळेपर्यंत नेला आणि तिथून जरा मागे घेतला. सब बंद केल्यावर काहीतरी गेलंय असं वाटलं पाहिजे, चालू असताना तो कुठे ठेवलाय हे शोधावं लागलं पाहिजे.

शेवटची परीक्षा डग्ग्याची. मनगट दाबून काढलेली मींड सरकत सरकत चढते तेव्हा ती सब आणि स्पीकर यांच्या सांध्यावरून जाते. सांधा कच्चा असेल तर मध्येच ती बारीक होते किंवा फुगते. पहिल्या फेरीत मध्ये किंचित बारीक होत होती. कटऑफ थोडा वर घेतल्यावर सरळ गेली.

जे जमलं नाही

रात्री हळू आवाजात आलाप चालू असताना सब झोपी जायचा. आपोआप चालू-बंद होण्याची सोय सिग्नलवर चालते, आणि सबचा गेन वाढवल्याने सिग्नल वाढत नाही. बटण कायम "ऑन" वर ठेवलं आणि पॉवर भिंतीवरच्या बटणाने बंद करायची सवय लावली. फारशी वीज वाया जात नाही, पण सोय गेली हे खरं.

पोर्टमधून मोठ्या आवाजात हवेची सळसळ ऐकू येते. सब कानाशेजारी असल्याने ती लपत नाही. मामांच्या रोजच्या आवाजात ती येत नाही, पाहुणे आले आणि नॉब वर गेला की येते.

सगळ्यात मोठी तडजोड सोफ्याच्या डाव्या टोकाची. तिथे बसणाऱ्याला बेस स्पष्टपणे पातळ मिळतो, कारण तो सबपासून दुपटीहून जास्त लांब आहे. मामी तिथेच वाचत बसतात आणि त्यांना ते बरंच वाटतं, त्यामुळे सध्या वाद नाही. घरी दोघंतिघं मिळून ऐकणारे असते, किंवा सिनेमे बघायचे असते, तर हा निर्णय मी असा घेतला नसता. तेव्हा बजेट वाढवून मोठा सब समोर ठेवावा लागला असता, नाहीतर दोन. सोफ्याच्या पाठीशी भिंत असती तर कदाचित आठ इंचीही चालून गेला असता.

दुसरा सब घेतलाच तर तो याच मॉडेलचा, सोफ्याच्या डाव्या टोकाला ठेवायचा असं मामा म्हणताहेत. तिथून ये-जा आहे, आणि मामींनी अजून होकार दिलेला नाही.